आधी जागेला नमस्कार, मग कुदळ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

 

आजचं चिंतन थोडं लांबलं आहे. सकाळची कामं आवरली की शांतपणे वाचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटी त्यांच्याकडूनच काही मागायचं आहे.

*महाराजांचे तीन प्रश्न*

आपल्या निपाणी भागातल्या नव्या उपासना केंद्रासाठी एका गुरुबंधूंनी जमीन अर्पण केली, हे आपल्याला माहीत आहेच. गावाबाहेर उताराची जमीन आहे. वरच्या अंगाला एक जुना वड. मधोमध दगडी बांधणीची विहीर, तिच्या काठावर मोटेच्या वेळचे दोन खांब अजून उभे आहेत. खालच्या कडेनं ओढा जातो. आणि वडापासून दहा-बारा पावलांवर शेंदूर लावलेला एक उभा दगड.

पावसाळ्याच्या तोंडाला महाराज ती जागा बघायला आले. आम्ही पहाटेपासून तयारीत होतो. रांगोळी काढली, टेबल मांडलं, त्यावर नकाशाची मोठी प्रत पसरून ठेवली. महाराज येतील, नकाशा बघतील, त्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील, असं सगळ्यांच्या मनात होतं.

महाराज नकाशाकडे गेलेच नाहीत. वडाखाली जाऊन बसले. बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. मग तीनच गोष्टी विचारल्या. पाऊस पडला की या जागेत पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? हे झाड कुणी लावलं? आणि आपण यायच्या आधी इथं दिवा कोण लावत होतं?

आम्ही पंधरा-वीस जण होतो. त्यात बांधकामातले जाणकार होते, शिक्षक होते, हिशोब बघणारे होते. एकालाही उत्तर देता आलं नाही. आमच्या नकाशात पाचशे माणसांचा हॉल होता, कमान होती, पार्किंग होतं, चपला कुठं काढायच्या तेसुद्धा ठरलं होतं. पाणी मात्र नव्हतं. वड होता, पण त्यावर लाल फुली होती. विहिरीच्या जागी 'भराव' असं लिहिलं होतं. आणि तो शेंदराचा दगड नकाशात कुठं नव्हताच.

महाराज रागावले नाहीत. उठून त्या दगडाला हात जोडले, विहिरीत डोकावून पाहिलं, आणि उत्तरं मिळाली की कळवा असं सांगून गाडीत बसले. परत येताना आमच्या गाडीत कुणी भजनसुद्धा म्हटलं नाही.

*आज्जींचं बोलणं*

उत्तरं शोधायला आम्ही भगिनी मंडळातल्या चौघी-पाचजणी तिथल्या वस्तीवर गेलो. एका घरात वय झालेल्या आज्जी भेटल्या. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, जसं आपल्याकडे बोलतात तसं बोलत होत्या. विहिरीला बावी म्हणत, ओढ्याला हळ्ळ. दर अवसेला त्या दगडापुढं दिवा त्याच लावतात. आधी त्यांच्या सासूबाई लावायच्या. तो आमचा भैरोबा, म्हणाल्या.

पुढं कळलं की तो दगड म्हणजे वीरगळ आहे. गावासाठी, गुरांसाठी लढताना कुणी मरण पावलं की त्याच्या आठवणीला असा दगड उभा करायची रीत होती. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर घेऊन जातात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. कन्नडमध्ये त्याला वीरगल्लु म्हणतात. सीमाभागात असे दगड गावोगाव आहेत. आपण रोज शेजारून जातो आणि ओळखत नाही.

आम्ही आज्जींना समजावायला लागलो, की इथं मोठं केंद्र होणार आहे, अन्नदान होणार आहे, तुम्हालाही चांगलंच होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा देव मोठा हाय बाई. पण ह्यानं तुमचं काय केलंय?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

*आमची जुनी चूक*

खरं सांगायचं तर या बाबतीत आम्ही पहिल्यांदा चुकत नव्हतो. बेळगावातल्या आपल्या जुन्या जागेत मागच्या अंगणात आड होता. अंगण मातीचं होतं, कडेला पारिजातक होता. सत्संगाला गर्दी वाढली तेव्हा आडावर स्लॅब टाकला, पारिजातक काढला, सगळीकडे फरशी घातली. आणखी चाळीस जण बसायला लागले. किती छान, किती स्वच्छ, असं आम्हीच म्हणालो होतो. तो निर्णय दुसऱ्या कुणी आमच्यावर लादला नव्हता. आमच्याच बैठकीत झाला.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या पावसात मागच्या अंगणातलं पाणी थेट हॉलमध्ये शिरलं. पूर्वी ते मातीत मुरायचं, जास्तीचं आडात जायचं. आता त्याला जायला जागाच नव्हती. पारायणाच्या पोथ्या खालच्या कपाटात होत्या, त्या भिजल्या. आम्ही त्या पानं पानं सोडवून इस्त्रीखाली वाळवल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागेत टँकर मागवला. पाणी आलं तेव्हा ते नको झालं, आणि हवं तेव्हा विकत घेतलं.

त्या वेळी आम्ही म्हणालो, निसर्गाचा कोप. पण कोप कसला? पाणी नेहमीच्याच वाटेनं आलं होतं. त्याची वाट आम्ही बंद केली होती.

*पहिला गुरू कोण?*

आपण दत्तभक्त. अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती भागवताच्या अकराव्या स्कंधातली कथा आपण कितीदा ऐकली आहे. त्या चोवीसांत पहिलं नाव कुणाचं? पृथ्वीचं. मग वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. माणसं पुष्कळ नंतर येतात. पृथ्वीकडून अवधूत क्षमा शिकले, आणि तिच्याच अंगावरच्या डोंगराकडून आणि झाडाकडून दुसऱ्यासाठी जगायला शिकले.

आता आपण विचार करूया. सद्गुरू घरी आले तर आपण काय करतो? पाय धुतो, आसन देतो, त्यांना काय हवं ते विचारतो. त्यांना न विचारता त्यांच्या अंगावर शाल जरी टाकायची झाली तरी हात थबकतो. मग अवधूतांच्या पहिल्या गुरूच्या अंगावर आपण न विचारता जेसीबी कसा काय चालवतो?

याच चोवीसांत एक सापही आहे, आणि तो आज मुद्दाम आठवायला हवा. साप स्वतःसाठी घर बांधत नाही, आयत्या बिळात राहतो. घर उभारण्याच्या खटाटोपात दुःख आहे, हे अवधूत त्याच्याकडून शिकले. याचा अर्थ केंद्र बांधूच नये असा नाही. पण बांधताना 'माझं', 'आमचं', 'आमच्या नावाचं' हे जे वाढत जातं, त्याच्यावर नजर ठेवा, एवढं तरी सापाकडून घ्यावं.

आणि भूमिपूजन आपण कशासाठी करतो? सकाळी उठल्यावर जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागायला आपल्याला लहानपणी शिकवलं. भूमिपूजनाला तेच मोठ्या रूपात करतो. इथल्या जिवांना त्रास होणार आहे, झाड-मुळांना होणार आहे, म्हणून आधी परवानगी आणि क्षमा. पण आपण नारळ फोडतो, फोटो काढतो, पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं सपाट करतो. क्षमा मागून झाल्यावर तोच अपराध दुप्पट करायचा, याला पूजा कसं म्हणायचं?

*वाडीनं काय शिकवलं*

आपल्यापैकी कोण नृसिंहवाडीला गेलं नाही? निपाणीहून तर पौर्णिमेची वाडी कित्येक घरांत पिढ्यान्‌ पिढ्या चालत आली आहे. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, औदुंबर, आणि खाली पादुका. श्री नृसिंह सरस्वती स्वामी महाराज इथं बारा वर्षं राहिले.

या देवळाला शिखर नाही. ते विजापूरच्या आदिलशहानं बांधवलं असं परंपरा सांगते. देऊळ नदीच्या अगदी काठाला, घाटावर आहे. आता आपल्यासारख्या हिशोबी माणसांनी ते बांधायचं ठरवलं असतं तर काय केलं असतं? पूर येतो म्हणून वर नेलं असतं, नाहीतर नदीकडून मोठी भिंत घातली असती. तिथं तसं केलं नाही. पुराचं पाणी उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून जातं, आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्यालाच आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, पूजा थांबत नाही. पाणी उतरलं की गाळ धुऊन काढतात, आणि देव परत आपल्या जागी.

नदीला दोन दारं ठेवली आहेत, बघा. एक यायला आणि एक जायला. ती पाहुणी म्हणून येते, देवाचे पाय धुते आणि निघून जाते. महाराजांचा पहिला प्रश्न हाच होता: पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? आम्ही इतकी वर्षं वाडीला जात होतो, दक्षिणद्वाराचं स्नान करत होतो, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाठवत होतो. आणि तोच धडा घरी आणायचा राहिला होता.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. महापूर म्हणजे सोहळा नव्हे. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ तालुक्यात, आणि इकडे दूधगंगा-वेदगंगेच्या काठी लोकांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. घरं गेली, जनावरं गेली. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. त्या दुःखाला कृपा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणणं एवढंच आहे, की नदीची वाट ओळखून जे बांधलं ते शेकडो पावसाळे टिकलं. वाट अडवून जे बांधलं जातं ते आपल्यालाही बुडवतं आणि शेजाऱ्यालाही.

भिलवडीजवळच्या औदुंबरचंही तसंच. तिथं स्वामी महाराजांनी एक चातुर्मास केला. त्या तीर्थाचं नावच मुळी झाडाचं आहे. झाड तोडून तिथं औदुंबर नावाची कमान उभी केली असती तर आपण कशाला नमस्कार करायला गेलो असतो?

*देव इकडे, नंदी तिकडे*

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळही आपल्याला जवळच आहे. शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला वरती मधोमध गोल मोकळी जागा सोडली आहे. अठ्ठेचाळीस खांबांच्या त्या मंडपात मध्ये उभं राहिलं की डोक्यावर थेट आकाश. ऊन आत येतं, पाऊस आत येतो, चांदणं आत येतं. आकाश हाही अवधूतांचा गुरूच, त्याला आत यायला जागा ठेवली आहे.

आणि महादेवाच्या देवळात असतो तसा नंदी तिथं समोर नाही. कोपेश्वराचा नंदी आपल्या चिकोडीकडच्या यडूरला आहे, असं दोन्हीकडचे लोक मानतात. देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात. सरकारी हद्द नंतर आली, त्यांचं एकमेकांकडे बघणं त्याच्या आधीपासूनचं आहे. म्हणून एखाद्या जागेचा इतिहास विचारायचा तर तो एका भाषेत विचारून पुरा होत नाही. गुरुचरित्रातसुद्धा कन्नड पदं आहेतच की. आज्जींनी 'बावी' म्हटलं म्हणून ती विहीर परकी होत नाही.

*आपल्या बेळगावातली उदाहरणं*

लांब कशाला, बेळगावच्या किल्ल्यात जाऊन या. कमल बसदी १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. काळ्या दगडातलं ते छताचं कमळ बघायला लोक लांबून येतात. त्याच किल्ल्यात दुर्गादेवीचं देऊळ आहे, जुनी मशीद आहे, आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. आधी भाटे वकिलांकडे, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे त्यांचा मुक्काम झाला. तो किल्ल्यातला जुना बंगला आश्रमानं स्मारक म्हणून जपला आहे, आणि प्रार्थनेचं नवं मोठं मंदिर वेगळं बांधलं आहे. जुनं पाडून त्याच जागी नवं, असं केलं नाही. भक्ती मोठी होती म्हणूनच जुन्या भिंतींना हात लावला नाही.

दुसरं उदाहरण टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. १९२४ च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं. त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेलं ते एकमेव अधिवेशन. आलेल्या लोकांसाठी पाणी हवं म्हणून विहीर खणली, आणि तिचं नाव पंपा सरोवर ठेवलं. मांडव, राहुट्या, कमानी सगळं उतरवलं गेलं. विहीर मात्र अजून आहे. शंभर वर्षांनंतरही तिथं उभं राहिलं की ते दिवस डोळ्यांपुढं येतात.

आणि उलट उदाहरणंही आपल्याच डोळ्यांसमोर आहेत. शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात उभ्या भातात शिरतं. ज्या मातीनं बेळगावच्या बासमतीला वास दिला, तिथला शेतकरी पुन्हा पुन्हा रोप लावतो. आपण कुठं तरी भराव घालतो, तेव्हा ते पाणी कुणाच्या तरी ताटात शिरतं, हे लक्षात असू द्या.

*मग बांधायचंच नाही का?*

हा प्रश्न आमच्यातल्या अनेकांनी विचारला, आणि तो चुकीचा नाही. माणसं वाढली आहेत. उन्हात बसून पारायण होत नाही. म्हाताऱ्या माणसांना सपाट जमीन लागते, पायऱ्या नको असतात. बांधायचं तर आहेच. फक्त आधी जागेला विचारायचं.

म्हणून पावसाळाभर आम्ही काहीच बांधलं नाही. मोठा पाऊस झाला की दोघी-तिघी छत्र्या घेऊन जागेवर जायचो आणि पाणी कसं वाहतं ते बघून वहीत लिहायचो. तेव्हा कळलं, की नकाशात जिथं हॉल होता तिथूनच वरच्या शेताचं पाणी ओढ्याकडे उतरतं. हॉल तिथंच झाला असता तर पहिल्याच वर्षी पाणी आत आलं असतं, नाहीतर शेजारच्या वस्तीत घुसलं असतं, आज्जींच्या घरात.

आता नवा नकाशा होतो आहे. हॉल वरच्या अंगाला, वडापासून लांब. जोतं उंच घ्यायचं, आणि वयस्कर मंडळींसाठी कडेनं उताराची वाट. ओढ्याच्या काठाला काही बांधायचं नाही, तिथं करंज, जांभूळ, औदुंबर लावायचे. वडाभोवती मातीचा पार, सिमेंटचा कट्टा नाही. मुळांना हवा आणि पाणी लागतं, सिमेंटनं झाडाचा गळा आवळला जातो. अंगणात पेव्हर ब्लॉक नाहीत, मुरूम टाकायचा आणि उत्सवाला शेणानं सारवायचं. भिंतीला खानापूरकडचा चिरा, वर कौलं. आपल्या पावसाला हे साधं काम मानवतं, हे जुन्या घरांकडे बघून कळतं.

विहीर उपसायची, काठाला जाळी बसवायची, आणि हॉलच्या कौलांवरचं पाणी गाळून तिच्यात सोडायचं. त्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आपलं छप्पर तीन हजार चौरस फुटांचं धरलं तर ते सुमारे २८० चौरस मीटर होतं. दहा मिलिमीटरची एक चांगली सर आली की जवळपास २,८०० लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरच्या निम्म्याहून जास्त पाणी, एका सरीत, देवानं दारात आणून दिलेलं.

आणि वीरगळ जिथं आहे तिथंच राहील. तिच्यावर एक छोटी सावली आणि पुढं दिव्याला कोनाडा. अवसेचा दिवा आज्जीच लावतील. आपण त्यांच्या शेजारी उभं राहायचं.

*अजून अडलेल्या दोन गोष्टी*

सगळं गोड झालं असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं, पण तसं नाही. पहिली गोष्ट, हॉल आता साडेतीनशे माणसांचाच होतो. दीडशे जागा कमी झाल्या. उत्सवाला एवढी माणसं वडाखाली मांडवात बसतील. आम्हाला ते आवडलं, पण काहींना कमीपणा वाटतो आहे, आणि त्यांचं मन मोडून पुढं जाणं बरं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. एका गुरुबंधूंनी वडिलांच्या स्मरणार्थ मोठी कमान द्यायचं बोललं होतं. कमानीच्या जागेवरूनच पाण्याची वाट जाते. ती कमान आता होत नाही. त्यांना लागलं. साहजिक आहे. वडिलांचं नाव दगडात कोरलेलं बघायची इच्छा कुणाला नसते? आम्ही त्यांच्या घरी गेलो, वहिनींनी चहा केला, पण बोलणं तुटक झालं. तीच देणगी विहिरीच्या कामाला द्याल का, असं आम्ही विचारलं आहे. त्यांचे वडील शेतकरी होते, मोट त्यांनी हाकली असणार. उत्तर आलेलं नाही. त्यांनी हे वाचलं तर एवढंच सांगतो: दादा, तुमच्या भावनेला आम्ही नाही म्हटलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुम्ही आमचेच आहात. तुमचं आसन कुठं जात नाही.

मोठेपणा दिसण्यात आहे की उपयोगी पडण्यात, हा प्रश्न एकट्या त्यांना पडलेला नाही. पाचशेचा हॉल म्हणताना आम्हाला जो आनंद व्हायचा, त्यात उपासना किती होती आणि मिरवणं किती होतं, हे आम्ही सध्या स्वतःला विचारतो आहोत.

*घरोघरी काय करता येईल*

हे केंद्रापुरतं नाही. आपल्यापैकी कुणी प्लॉट घेतो, कुणी शेतात घर बांधतो, कुणी जुनं घर पाडून फ्लॅटला देतो. तेव्हा एवढं करूया:

१. नकाशा काढण्याआधी एक पावसाळा जागा बघूया. निदान दोन-तीन मोठे पाऊस तरी. पाणी येण्या-जाण्याची वाट मोकळी ठेवूया.

२. जुनी विहीर, आड बुजवण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारूया. जाळी बसवता आली तर भराव नको.

३. जे झाड आपल्या आधीचं आहे ते आपलं ज्येष्ठ. घर दोन हात सरकवता आलं तर सरकवूया.

४. शेंदूर लागलेला दगड, समाधी, जुना पार, पडकी भिंत, हे कुणाचं तरी श्रद्धास्थान असतं. त्या माणसांना भेटल्याशिवाय हात लावायचा नाही. ते आपल्या जातीचे, भाषेचे, पंथाचे नसले तरीही.

५. दारातली थोडी तरी जागा मातीची ठेवूया. तुळशीपुरती असली तरी चालेल.

*आमचं मागणं*

महाराजांच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं मिळाली. पाण्याची वाट कळली. दिवा कोण लावत होतं ते कळलं. वड कुणी लावला ते अजून कळलेलं नाही. आज्जींनाही माहीत नाही, त्या लग्न होऊन आल्या तेव्हाच तो मोठा होता.

म्हणून वडीलधाऱ्यांना विचारा. त्या बाजूला कुणाचं आजोळ असेल, कुणी लहानपणी त्या विहिरीत पोहायला शिकलं असेल, तंबाखूच्या कामाला जाताना कुणाच्या आईनं त्या वडाखाली भाकरी सोडली असेल. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, बोलून रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही वहीत उतरवून घेऊ. जुना फोटो असेल तर त्याचाही फोटो पाठवा.

आणि कदाचित झाड कुणीच लावलं नसेल. पाखरानं फळ खाल्लं असेल, बी पडलं असेल, पावसानं रुजवलं असेल. तसं असेल तर त्या जागेवर पहिली सेवा पाखराची. आपला नंबर त्याच्या पुष्कळ मागून लागतो.

येत्या पौर्णिमेला नामस्मरण जागेवरच ठेवलं आहे. मांडव नाही, माईक नाही. येताना बसायला चटई किंवा पोतं आणा, पिण्याचं पाणी आणा, आणि एक पणती आणा. आधी भैरोबापुढं आज्जी दिवा लावतील, मग आपण.

महाराजांना निरोप धाडला आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या,
भगिनी मंडळ, बेळगाव-निपाणी विभाग 🙏